हवेची हमाली

मंगळवारी दुपारी जेवणं उरकून ज्ञानूआबा साबळे पुठ्ठ्याच्या खोक्याला चिकटपट्टी लावत बसले होते, तेवढ्यात दुकानाचा मोबाईल वाजला. दुकान म्हणजे काही शटरबिटर असलेलं दुकान नव्हे. खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली रचलेली खोकी आणि मोबाईलमधल्या एका ॲपवर सूनबाई मोनालीनं उघडलेलं ‘राजाबाईंच्या वाकळा’ नावाचं पान, एवढंच ते दुकान. वाकळ म्हणजे जुन्या सुती साड्यांचे थर हातानं शिवून केलेली जाड गोधडी. साताऱ्याकडं ती घरोघरी असते आणि तिच्याकडं कुणी वळून बघत नाही. नवी मुंबईतली माणसं मात्र एसी अठरावर ठेवतात, मग थंडी वाजते म्हणून वाकळ अंगावर घेतात आणि तिचे दोन हजार रुपये मोजतात. शिवायचं काम राजाबाईंचं, म्हणजे आबांच्या बायकोचं. फोटो, ऑर्डरी, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं हे मोनालीचं. आणि पॅकिंग आबांचं.

पॅकिंगवर आबांचा हक्कच होता म्हणा ना. तेहतीस वर्षं त्यांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर पोती वाहिली होती, आणि त्यातली शेवटची पंधरा वर्षं ते टोळीचे मुकादम होते. व्यापाऱ्याशी हमालीचा दर ठरवायचा मुकादमानं, सगळ्या टोळीची मजुरी घ्यायची मुकादमानं आणि वाटायचीही त्यानंच. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी आबांच्या अंगातून मुकादमकी काही गेली नव्हती. घरी गॅसचा सिलिंडर आला तरी ते आधी उचलून बघायचे, मान हलवायचे आणि मगच सही करायचे.

मेसेज नेरूळच्या सारसोळ्याहून आला होता. योगिनी नावाच्या बाईंनी लिहिलं होतं, ‘वाकळ मिळाली. छान आहे. पण तुम्ही वजन दोन किलो लिहिलंय आणि डिलिव्हरी चार्ज पाच किलोचा लावलाय. एकशे ऐंशी रुपये! खांदेश्वर ते नेरूळ ट्रेनचं तिकीट दहा रुपये आहे. वाकळ काय विमानानं आली का? जादा पैसे परत करा, नाहीतर तक्रार टाकते.’

आबांनी मेसेज आधी चष्म्याशिवाय वाचला आणि मग चष्मा लावून वाचला. दोन्ही वेळा त्यात तक्रार होतीच. या महिन्यात आधीच दोन तक्रारी झाल्या होत्या. एका बाईंच्या पांढऱ्या चादरीला वाकळेचा लाल रंग लागला होता आणि दुसरी वाकळ चुकीच्या विंगमध्ये जाऊन तीन दिवस झोपली होती. ॲपचा नियम असा, की एका महिन्यात तीन तक्रारी झाल्या की दुकान तीन महिने बंद. डिसेंबर चालू होता, वर्षातली खरी विक्री आत्ताच. आत्ता बंद पडलेलं दुकान मार्चच्या उन्हात उघडून उपयोग काय? मोनालीनं वर्षभर खपून हे पान चालतं केलं होतं, ते बसलंच असतं.

आबांनी लगेच मोनालीला फोन लावला. ती पनवेलला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती.

“मोनाली, वाकळंचं वजन किती?”

“दोन किलो. आबा, पेशंट बसलेत.”

“मग पाच कुनी केलं?”

“ते कुरियरचं मापाचं वजन असतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि पाच हजारानं भागायचं. आपलं खोकं चाळीस, तीस, वीस. म्हणून पाच किलो धरतात.”

“दोन किलोची वाकळ. वरच्या तीन किलोत काय हाय?”

“काही नाही. हवा.”

“हवेची हमाली घेत्यात?”

“घेतात. सगळीकडे घेतात. तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी संध्याकाळी येऊन त्या मॅडमशी बोलते. फक्त तुम्ही काही लिहू नका. कबूल तर अजिबात काही करू नका. प्लीज, आबा.”

“मी कशाला लिवतोय,” आबा म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, यात शंका नाही. हा निश्चय सव्वातीनपर्यंत टिकला.

सव्वातीनला तुळशीराम पार्सलं न्यायला आला. तुळशीराम पंचेचाळिशीचा, तब्येतीनं किरकोळ. दिघ्याजवळच्या एका कंपनीत मशीनवर होता, कंपनी बंद पडल्यावर त्यानं कुरियरची बॅग पाठीला लावली. ओझं वाहणाऱ्या माणसाला पाणी आणि चहा दिल्याशिवाय आबा दारातून हलू द्यायचे नाहीत, त्यामुळे तुळशीरामच्या दिवसभराच्या फेऱ्यांत खांदेश्वरचा थांबा जरा लांबतच असे. चहा होईपर्यंत आबांनी विषय काढला.

“तुळशीराम, ह्या पार्सलाचं एकशे ऐंशी घेता तुमी?”

“मी? आबा, मला चौदा मिळतात.”

“चौदा काय?”

“रुपये. एका पार्सलमागे. आणि पेट्रोल माझं.”

आबांच्या हातातली चिकटपट्टी खाली पडली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. ती काढायला कुणी वाकलं नाही. पोत्यामागं चार आणे वाढवून मिळावेत म्हणून त्यांनी एके काळी अख्ख्या गाळ्याचं काम दोन दिवस बंद पाडलं होतं. पेट्रोल स्वतःचं घालून चौदा रुपयांवर माणूस ओझं वाहतो, हे ऐकून त्यांचं डोकंच फिरलं.

“एकशे ऐंशीतनं चौदा गेलं, ऱ्हायलं एकशे सहासष्ट. ते मधल्या मधी कोन खातं?”

“मला काय माहीत? मोठ्या लोकांचं काम.”

“माहीत करून घ्याया पायजे.” आबांनी मोबाईल उचलला.

गॅलरीत राजाबाई वाकळेवर टाके घालत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “आवं, लिवू नगा म्हनून सांगितलंय न्हवं सूनबाईनं?”

“मी लिवत न्हाय. बोलतोय,” आबा म्हणाले. मोबाईलवर माइकचं चित्र होतं, ते दाबलं की बोललेलं आपोआप लिहिलं जायचं. ही सोय मोनालीनंच त्यांना शिकवली होती. आबा ताठ बसले आणि युनियनच्या गेट-मीटिंगमध्ये बोलायचे त्या आवाजात बोलू लागले.

‘ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्याकडून हवेची हमाली घेतली गेली आहे. वाहणाऱ्या माणसाला एकशे ऐंशीतले चौदा रुपये मिळतात आणि पेट्रोल तो स्वतःचं घालतो. बाकीचे एकशे सहासष्ट मधल्या मधे कोण खातं, हे तुम्हीही विचारा, आम्हीही विचारतो. आपला, ज्ञानदेव साबळे, माजी मुकादम.’

“आबा, माझं नाव नाही ना घातलं?” तुळशीरामनं घाबरून विचारलं.

“न्हाय. पन घालायला पायजे हुतं.”

तुळशीराम अर्धा चहा टाकून निघाला. वीस मिनिटांनी ॲपचाच मेसेज आला. ‘ग्राहकाची तक्रार नोंदवण्यात आली आहे. पुरावा: विक्रेत्याने जादा आकारणी लेखी मान्य केली आहे. गुरुवारी सायंकाळी सहापर्यंत ग्राहकाने तक्रार मागे न घेतल्यास ती ग्राह्य धरून दुकान बंद करण्यात येईल.’ आबांनी तो वाचला आणि मोबाईल उपडा ठेवला. कपाटाखालची चिकटपट्टी शोधायला ते नेमके तेव्हा वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

संध्याकाळी मोनाली आली, तिनं चप्पल काढायच्या आधी मोबाईल बघितला. ती सासऱ्यावर कधी आवाज चढवायची नाही. तिनं फक्त पर्स खाली ठेवली, खुर्चीत बसली आणि एकदम हळू आवाजात विचारलं, “आबा, तुम्ही आपल्या बाजूचे आहात की त्यांच्या?”

“मी वाहनाऱ्याच्या बाजूचा.”

“वाहणाऱ्यानं तक्रार केलीच नव्हती.”

“म्हनून तर मी केली.”

मोनालीनं योगिनीला व्यवस्थित मेसेज लिहिला, झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी, आणि सगळेच्या सगळे एकशे ऐंशी रुपये आत्ता परत पाठवते. पैसे गेले की तक्रार मागे, असा तिचा साधा हिशेब होता. दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘पैसे नकोत. आता प्रश्न पैशाचा नाही. तुमच्या साबळेकाकांनी विचारलंय ते मला पटलं. एकशे सहासष्ट कोण खातं? त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी मागे हटणार नाही.’

“बघा,” मोनाली म्हणाली, “एकशे ऐंशी रुपयांवर भांडणारी बाई होती. तुम्ही तिला पुढारी करून ठेवलंत.”

आबांना खरं तर मनातून बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या एका भाषणावर एवढ्या लवकर कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. पण मोनालीचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी ते दाखवलं नाही. रात्री जेवताना ती भाकरीचा एकच तुकडा चिवडत राहिली, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

बुधवारी आबांनी चूक निस्तरायला घेतली, आणि ती आपल्या पद्धतीनं. हवेचे पैसे लागतात काय? मग हवाच ठेवायची नाही. शुक्रवारी जायच्या तीन वाकळा होत्या. त्यातली तयार झालेली एक त्यांनी जमिनीवर अंथरली, दुमडली, गुंडाळली, वर गुडघा रोवला आणि सुतळीनं अशी आवळली की म्हणता म्हणता वाकळेचा पाटा-वरवंट्यातला वरवंटा झाला. टेप लावून बघितलं. माप निम्म्यावर आलेलं. आबा खूश झाले आणि त्यांनी विजयाची गाठ जरा जोरातच ओढली. तर्र असा आवाज झाला. सुतळी शाबूत होती. एका कडेचे वीतभर टाके मात्र उसवले होते.

राजाबाई गॅलरीतून उठून आल्या, त्यांनी सुतळी कापली, वाकळ उचलली आणि परत जाऊन उसवलेली कड शिवायला घेतली.

“तूच म्हंतीस, पक्की शिवन असती,” आबा म्हणाले.

“वाकळ अंगावर घ्यायची असती. तिच्यावर बसून कुस्ती खेळायची नसती,” राजाबाई म्हणाल्या.

गुरुवार उजाडला. मोनालीनं सकाळपासून योगिनीला तीन फोन केले, तिन्ही वेळा एकच उत्तर, ‘एकशे सहासष्टचं सांगा.’ कामावर जाताना मोनाली म्हणाली, “सहाला बंद होईल दुकान. आई, तुम्ही वाकळा शिवायच्या थांबवा. उगाच डोळे घालवू नका.” एवढं बोलून ती निघून गेली. आबांना ते फार लागलं. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला, खिशात एकशे ऐंशी रुपये सुट्टे घेतले, आणि तीनच्या सुमारास सारसोळ्याला योगिनीच्या दारात उभे राहिले.

ओट्यावर एक म्हातारी बाई मासळीची रिकामी पाटी धूत बसली होती. ती योगिनीची सासू, शांतीबाय.

“कोन रं तू? आनि कोनाकडं आलास?” तिनं विचारलं.

“मी ज्ञानदेव साबळे. वाकळंच्या पार्सलाचं बोलाया आलोय.”

आतून योगिनी धावतच आली. तिशीची, चष्मा, घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारी. “साबळेकाका? तुम्ही स्वतः? या ना आत.” आबांना वाटलं होतं, एखादी कजाग बाई दार अर्धवट उघडून बोलेल. इथं तर चहा, फरसाण आणि आदर, सगळंच समोर आलं. कोचावर त्यांचीच वाकळ पसरली होती.

“ताई, तक्रार मागं घ्या,” आबा म्हणाले. “माज्या सुनंचं दुकान बंद पडंल. चूक माजी हाय. तिची न्हाय.”

“काका, चूक तुमची नाहीच. तुम्ही खरं बोललात. तेच तर मी म्हणते, उत्तर मिळायला नको का?”

आबांची मोठी पंचाईत झाली. आयुष्यभर लोक त्यांचं ऐकत नाहीत म्हणून ते चिडायचे, आणि आज एक बाई त्यांचं ऐकते म्हणून त्यांना घाम फुटला. ज्या एकशे सहासष्टवर त्यांनी बोट ठेवलं होतं, त्याचीच बाजू घेऊन ते आता बोलू लागले. “तसं बगायला गेलं तर ताई, टेंपो असतो. गोडाऊन असतंय. त्याला भाडं. शिक्के मारनारी मानसं असत्यात. ॲपवाल्यांचं काय तरी असंलच.” बोलता बोलता आपण हुबेहूब त्या जुन्या व्यापाऱ्यांसारखं बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

योगिनी मान हलवत होती. “नाही काका, हे तुम्ही मनापासून बोलत नाही आहात.”

शांतीबाय दारात उभी राहून ऐकत होती. तिनं ओले हात पदराला पुसले. “काय भानगड हाय? मना सांगा.”

योगिनीनं सांगितलं. दोन किलो, पाच किलो, दहा रुपयांचं तिकीट, चौदा रुपये, सगळं. शांतीबायनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सुनेकडं वळली.

“सोसायटीवाले मना फोन करतान. पाचव्या माल्यावर पापलेट आनून दे सांगतान. लिफ्टमधी पाटीचा वास येतो म्हनून वॉचमन जिन्यानं पाठवतो. वर जावून तीस रुपये जादा मागले का बाय तोंड वाकडा करते. सारसोळे ते सेक्टर सहा, रिक्षा पन नाय लागत, मंग तीस कशाचे, इचारते.” तिनं योगिनीकडं बोट केलं. “तू घरात हायस. पाच वरसां झाली. तू कदी इचारलास का मना, आये, पाच माले चढून तुला किती सुटतान?”

योगिनीनं चष्मा काढून तो ओढणीनं पुसला. तो स्वच्छच होता.

“ह्या मानसाची सून रडत असंल तिकरं. घे मागं ती तक्रार,” शांतीबाय म्हणाली. “आनि एकशे सहासष्ट कोन खातं ते शोधाचाच असंल तर त्या खानाऱ्याच्या दारात जा. ह्यांच्या नको.”

पाच वाजून दहा मिनिटांनी योगिनीनं बटण दाबलं. आबांनी ‘तक्रार मागे घेतली’ ही अक्षरं डोळ्यांनी बघितली आणि खिशातले एकशे ऐंशी रुपये काढून कोचावर ठेवले. शांतीबायनं ते परत त्यांच्या खिशात घातले. मग वाकळेवरून हात फिरवत तिनं विचारलं, “कोनी शिवली? हात बेस हाय.”

“आमच्याच मंडळींनी.”

“एका वाकलीचा तिला किती देता?”

“तिला? ती घरचीच हाय की,” आबा हसत म्हणाले.

“घरचीच,” शांतीबाय म्हणाली आणि पाटी उचलून ओट्यावर गेली. आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. परतीच्या वाटेवर ते तिच्या बोलण्याचं मनातल्या मनात कौतुक करत होते. वाहणाऱ्याची कदर घरातूनच सुरू झाली पाहिजे, हे त्यांना फार म्हणजे फारच पटलं होतं.

घरी पोचले तेव्हा मोनाली आधीच आली होती. ॲपवर सगळं तिला दिसलं होतं. तिनं आबांना वाकून नमस्कार केला, शिरा करायला घेतला, आणि पार्सलं न्यायला आलेल्या तुळशीरामलाही बसवून घेतलं. राजाबाई दोन वाकळांच्या राहिलेल्या कडा पुऱ्या करत बसल्या होत्या. आबांनी सारसोळ्याची हकीगत सांगितली. शांतीबायचं भाषण त्यांनी तिच्याच हातवाऱ्यांसकट करून दाखवलं, फक्त तिनं शेवटी विचारलेलं तेवढं त्यांना आठवलं नाही.

“आबा, योगिनीमॅडमनी रिव्ह्यू टाकलाय,” मोनाली मोबाईल बघत म्हणाली. “पाच स्टार. ‘वाकळ उबदार आणि माणसं त्याहून चांगली. सासूबाई सारख्या विचारतायत, शिवणाऱ्या बाईंना एका वाकळेमागे किती मिळतात?’ किती छान विचारलंय. सगळ्या कस्टमरना दिसेल हे. मी लगेच उत्तर टाकते.” आणि ती मोठ्यानं म्हणत लिहू लागली, “आमच्याकडे शिवणाऱ्या बाईंना एका वाकळेमागे चारशे रुपये मिळतात, दर महिन्याच्या एक तारखेला.”

राजाबाईंची सुई थांबली. “कुनाला?”

“तुम्हाला, आई.”

“मला?”

“म्हणजे, मी आबांकडे देते ना. पहिल्या महिन्यापासून. मी तुमच्याच हातात देत होते, पण आबा म्हणाले, टोळीची मजुरी मुकादमाकडे द्यायची असते, वाटप तो करतो.” बोलता बोलता मोनालीचा आवाज बारीक होत गेला.

सगळे आबांकडं बघू लागले. आबा शिऱ्याच्या बशीकडं बघू लागले. तुळशीरामनं कप खाली ठेवला. मंगळवारपासून तो याच घरात एकच सवाल ऐकत आला होता, त्यामुळे त्याला राहवलं नाही.

“आबा,” तो अदबीनं म्हणाला, “मधला माणूस सापडला वाटतं.”

“मी खाल्लं न्हाय,” आबा म्हणाले. “वाटप ऱ्हायलं हुतं.”

“किती म्हयन्यांचं?” राजाबाईंनी विचारलं.

“तेरा.”

“मग द्या की आता.”

आबांनी कान खाजवला. मार्केटातल्या जुन्या मंडळींना चहा, मिसळ, कुणाच्या पोरीच्या लग्नात आहेर, असं थोडं थोडं गेलं होतं. “आन् पाच हजार एक जत्रंला दिलं,” ते म्हणाले.

गावच्या देवळात जत्रेच्या वर्गणीचा मोठा फळा होता. त्यावर यंदा तिसऱ्या ओळीत रंगवलेलं होतं, ‘ज्ञानदेव रामू साबळे, मुकादम, मुंबई, रुपये ५००१’. एप्रिलमध्ये राजाबाई डोक्यावर पदर घेऊन त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. भावकीतल्या बायकांना त्यांनी बोट लावून ते नाव दाखवलं होतं, आणि त्यांचा ऊर भरून आला होता. आता त्यांना राग आला आणि रडूही आलं. त्यांनी सुई वाकळेत टोचली आणि वाकळ बाजूला सारली.

“मग माजं बी काम बंद,” त्या म्हणाल्या.

“आई, असं नका करू,” मोनाली गडबडली. “उद्या तीन ऑर्डरी जायच्यात. नाही गेल्या तर तिसरी तक्रार नक्की. आत्ता वाचलंय दुकान.”

“तुज्याशी माजं भांडान न्हाय, पोरी. तू तर देत हुतीस. पन दुकान वाचवायचं आसंल तर मुकादमास्नी सांग.”

आबा हादरले. तेहतीस वर्षांत त्यांनी कुणाचा बंद मोडला नव्हता आणि मालकाच्या बाजूनं एक शब्द काढला नव्हता. आता बंद झाला होता खरा, पण मालकाच्या जागी आपणच बसलोय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. बायकोसमोर एवढं अवघडल्यासारखं त्यांना लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

“मागन्या काय हायत?” त्यांनी विचारलं. दुसरं काही त्यांना सुचेना.

“दोन. फुडली मजुरी माज्या हातात. आन् फळ्यावरचं नाव बदला. सुई माजी आन् नाव तुमचं, ह्ये चालायचं न्हाय.”

“पयली कबूल,” आबा म्हणाले. “दुसरीचं जरा... गाव काय म्हनंल?”

“म्हनंल, राजाबाई साबळे, मुंबई.”

मोनालीनं मोबाईल आबांच्या हातात दिला. जत्रा कमिटीचे बाजीराव गावातच असायचे. आबांनी नंबर लावला, आणि मागाहून वाद नको म्हणून मोनालीनं स्पीकर चालू केला.

“बाजीराव, मी ज्ञानू बोलतोय. फळ्यावरचं माजं नाव पुसा आन् राजाबाईचं घाला.”

तिकडून बाजीरावांचा घाबरा आवाज आला, “का वो? वयनी हायत न्हवं?”

“हायत. लय बऱ्या हायत. हितंच बसल्यात.”

“मग ठीक हाय. घालू की. रंगाचं शंभर हुतील. आन् पेंटर कराडास्नं येतोय, त्याच्या येन्याजान्याचं पाचशे.”

“येन्याजान्याचं पाचशे?” आबा उसळले. “आरं, एसटीचं तिकीट चाळीस रुप...”

ते तिथंच थांबले. तुळशीराम रिकाम्या कपात बघत होता. मोनालीनं तोंडाला ओढणी लावली होती. राजाबाई मात्र सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होत्या.

“बरं,” आबा म्हणाले. “पाठवतो. पन ते सगळं पेंटरच्याच हातात पडंल न्हवं?”

“म्हंजी?” बाजीराव दुखावल्यासारखे झाले. “मुकादम, मधी खानारा मानूस मी न्हवं.”

“ठावं हाय मला,” आबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. राजाबाईंनी वाकळ परत मांडीवर ओढली आणि राहिलेली कड शिवायला घेतली.